दुपारचं दार

इंग्लंडहून गोव्यात परत आल्याला तीनच दिवस झाले होते. जेवणं आटोपली, बाबा आतल्या खोलीत आडवे झाले, आईने स्वयंपाकघरातली झाकपाक केली आणि मधल्या खोलीत चटई टाकून ती टेकली. मी सोप्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ऑक्टोबरचं ऊन अंगणात उभं राहिलं होतं, कुळागरातून सुपारीच्या फुलोऱ्याचा वास येत होता, आणि रात्री दोनला उठून बसणारं माझं शरीर नेमकं तेव्हा झोप मागत होतं. मी उठले, आत आले, दाराच्या दोन्ही फळ्या ओढून घेतल्या आणि कडी घातली. कडी घालताना मनात काहीच नव्हतं. दिवा मालवावा, नळ बंद करावा, तसं ते झालं. त्या दाराला दिवसा कडी घातलेली मी आजवर पाहिली नव्हती, हेसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई देवासाठी जास्वंदी काढत होती आणि मी परडी धरून उभी होते. शेजारच्या माईची सून कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. तिने मला विचारलं, काल दुपारी कुठं गेला होतात का? माई विरजणाला वाटी घेऊन आली होती, तुमचं दार धांपिल्लं दिसलं म्हणून तशीच परत गेली. आई काही बोलली नाही. तिने जास्वंदीची एक फांदी खाली ओढली, फूल खुडलं आणि फांदी हळूच सोडून दिली. "ही झोपली होती," एवढंच ती म्हणाली, आणि ते तिने माझ्या बाजूने म्हटलं की माझ्याविरुद्ध, हे मला कळलं नाही.

त्यानंतर चार दिवस माई आली नाही.

आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, दुपारच्या बंद दाराला अर्थ असतो. घरातली सगळी माणसं लग्नाला नाहीतर जत्रेला गेली असली तर दार बंद. घरात काही अशुभ घडलं आणि सगळे नदीवर गेले तर बंद. आणि तिसरं म्हणजे, कुणी रुसलं असलं, येणाऱ्याने परत जावं असं वाटत असलं तर बंद. पहिली दोन कारणं असली की ती आधीच वाड्यावर माहीत असतात. तेव्हा आमचं दार बघून माईच्या मनात तिसरं आलं असणार, हे उघड होतं. लंडनला जाऊन आलेली पोर (तिच्या लेखी इंग्लंडातलं कुठलंही गाव लंडनच), तीन दिवस झाले नाहीत तर दार लावून घेते. माईने मला अंगाखांद्यावर खेळवलेलं आहे. मी आले त्या रात्री साडेदहा वाजता ती तवसळीची बशी घेऊन आली होती. गरम तवसळी, वर तूप. "केन्ना आयलें गो?" म्हणत तिने माझे दोन्ही गाल हातात धरले तेव्हा तिच्या बोटांना काकडीचा आणि गुळाचा वास होता.

विरजणाचं थोडं सांगायला हवं. आमच्या आणि माईच्या घरचं दही एकच आहे. आमचं नासलं की आई तिच्याकडून चमचाभर आणते, तिचं नासलं की ती आमच्याकडून नेते, आणि कधी कुणाचंच नासलं नाही तरीही आठवड्यातून दोनतीनदा वाटी इकडून तिकडे जातेच. आजी सांगायची की तिच्या सासूच्या वेळेपासून हे असंच आहे. लहानपणी मला हे गमतीचं वाटायचं, की वाटी जाते भरलेली आणि येते रिकामी, मग पुन्हा भरून जाते. पुढे मी अन्नविज्ञानच शिकले, तेव्हा त्या वाटीत काय असतं ते कळलं. बाजारात मिळणारं योगर्ट ठरवून घातलेल्या दोन जिवाणूंनी लागतं, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. त्यांना ४२-४३ अंशांची ऊब लागते. ते दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात, आंबटपणा वाढत सामू ४.६ च्या आसपास उतरला की केसीन हे दुधातलं प्रथिन धरतं आणि दही लागतं. घरच्या विरजणात मात्र कोण कोण नांदतं याची यादी कुणाकडे नसते. त्या घरातली हवा, ती भांडी, तो हात, ती माती, यांतून जे टिकलं ते त्यात असतं. लीड्सच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली दह्याचा ठिपका ठेवला तेव्हा मला माईची वाटी आठवली होती. जर्मन सिल्व्हरची, एका बाजूला चेपलेली.

लीड्सला मी २०२२ च्या सप्टेंबरात गेले, गणपतीची चवथ आटोपून. वर्षभराचा मास्टर्सचा अभ्यासक्रम. राहायला विद्यापीठाजवळची विद्यार्थ्यांची इमारत होती. एका फ्लॅटमध्ये सहा खोल्या, सहा दारं, शिवाय सामाईक स्वयंपाकघराचं दार, मजल्याचं दार, जिन्याचं दार, खालचं मोठं दार. सगळी जड, सगळी आपोआप लागणारी. दाराच्या वर लोखंडी हात बसवलेला, तुम्ही ढकलून आत गेलात की तो दार परत ओढून घेतो. शेवटच्या वीतभर अंतरात दार जरा अडखळतं आणि मग एक बसका आवाज होतो. प्रत्येक दारावर निळ्या गोलात पांढरी अक्षरं, फायर डोअर, कीप शट. रात्री अंथरुणात पडले की कोण आलं, कोण गेलं, कोण पाणी प्यायला उठलं, हे मला त्या आवाजांवरून कळायचं. माणसं दिसायची नाहीत. पहिल्या आठवड्यात मी एका रविवारी खोलीच्या दारात खुर्ची अडकवून ते उघडं ठेवलं. कुणी येता-जाता डोकावेल, दोन शब्द बोलेल, एवढंच मनात होतं. संध्याकाळी परत आले तर खुर्ची आत ठेवलेली, दार लागलेलं आणि दारावर चिठ्ठी, की अशी दारं उघडी ठेवू नयेत. चिठ्ठी सभ्य भाषेत होती. मला मात्र कुणी अंगावर ओरडल्यासारखं वाटलं आणि मी त्या रात्री जेवले नाही.

पुढे स्वयंपाकघरात लंडनहून आलेल्या एका मुलीने मला लंडनमधल्या ग्रेनफेल इमारतीचं सांगितलं. २०१७ च्या जूनमध्ये त्या इमारतीला आग लागली, ७२ माणसं गेली. तिथल्या कित्येक फ्लॅटांची दारं आपोआप लागत नव्हती, त्यामुळे धूर बाहेर जिन्याकडे पसरला, हे चौकशीत पुढं आलं. तिची शाळा त्याच भागात होती. ती हे सांगत होती आणि बोलता बोलता तिने हात मागे नेऊन स्वयंपाकघराचं दार नीट लागलंय ना, हे चाचपून पाहिलं. त्या दिवसापासून त्या दारांचा राग गेला. असं दार आगीला अर्धा तास थोपवून धरतं. कुणीतरी कुणाच्या तरी जिवाची काळजी करून ते तसं बनवलेलं आहे. काळजीची प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी, आणि तिथली रीत दार लावून घेण्याची होती.

नोव्हेंबरात एकदा रात्री अंघोळीहून येताना मी खोलीबाहेर अडकले. कार्ड आत, मी बाहेर, ओले केस, पायात सपाता. खालून माणूस येईपर्यंत पाऊणएक तास मी कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसले. त्यानंतर कार्ड गळ्यात, आणि बाहेर पडताना, आत येताना, मागे हात नेऊन दार लागलं का ते बघायची सवय. ही सवय डोक्याला विचारून लागत नाही. ती हाताला लागते.

आणि खरं सांगायचं तर फेब्रुवारीपर्यंत मला ते बंद दार आवडू लागलं होतं. डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळायचा, सहा वाजता मध्यरात्र झाल्यासारखं व्हायचं, पण खोलीत दिवा, टेबल, चहा, आणि ते दार लागलेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं दार होतं, जे मी लावलं तर कुणी "दार का लावलंस गो?" असं विचारणार नव्हतं. आमच्या घरी मुलीने खोलीचं दार लावलं की पाच मिनिटांत कुणीतरी ढकलून बघतं. बरं नाही का, रडतेयस का, फोनवर कोण आहे. त्यात माया असते, मी नाकारत नाही. पण त्या बंद खोलीत मी जे वाचलं, जे लिहिलं, जे नुसतं भिंतीकडे बघत उमगून घेतलं, ते त्या मायेत झालं नसतं. हे आईला मी फोनवर कधी सांगितलं नाही. तिला म्हणायचे, करमत नाही गो. तेही खरंच होतं.

करमत नसलं की मी दही लावायचे. दुग्धजन्य पदार्थ भारतातून त्या देशात नेता येत नाहीत, त्यामुळे विरजण नेण्याचा प्रश्नच नव्हता. आईने फोनवर हिरव्या मिरचीच्या देठांचा उपाय सांगितला, तो मला जमला नाही. मग दुकानातून जिवंत जिवाणू असलेलं योगर्ट आणलं, दूध तापवलं, कोमट झाल्यावर चमचाभर ढवळून घातलं आणि प्रश्न पडला, ठेवू कुठं? आमच्याकडे ओट्याच्या कोपऱ्यात झाकण घालून ठेवलं की सकाळी दही. तिथं हीटर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी थोडा वेळ चालायचा, मधल्या वेळी खोली गार. मी पातेलं लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळलं, त्यावर स्वेटर, आणि हीटरला टेकवून ठेवलं. रात्री दोनदा उठून हात लावून पाहिलं, आजारी मुलाच्या कपाळाला लावावा तसा. सकाळी नुसतं दूध. दुपारी कडेने जरा धरलं होतं. संध्याकाळी हीटर पुन्हा सुरू झाला आणि आठच्या सुमाराला पातेलं कललं तर दही एका अंगाने सुटून हललं. चव गोडसर, काहीशी सपक. घट्ट मात्र सुरेख. त्या रात्री मी भात केला, दही घातलं, मीठ घातलं, आणि पलंगाच्या कडेला बसून खाल्लं. समोर बंद दार. ते दही द्यायला कुणी नव्हतं. कुणाची वाटी येणार नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच दह्यातलं विरजण घेऊन मी पुन्हा दही लावलं, मग पुन्हा. प्रत्येक वेळी ते थोडं अधिक आंबट आणि थोडं पातळ होत गेलं, आणि पाचव्या-सहाव्या खेपेला लागलंच नाही. दोन ठरावीक जिवाणूंचं प्रमाण बिघडलं की असं होतं, हे मला शास्त्राने माहीत होतं. पण तेव्हा वाटलं ते वेगळंच, की त्याला शेजार मिळाला नाही.

ईस्टरच्या सुट्टीत मी स्विंडनला गेले होते. तिथं गोंयकार खूप. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, आणि तो पासपोर्ट घेऊन ब्रेक्झिटच्या आधी हजारो माणसं इंग्लंडात गेली. मडगावच्या माझ्या मैत्रिणीची मावशी तिथं एका गोदामात रात्रपाळी करते. तिने मला जेवायला बोलावलं. एकसारख्या विटांची रांगेतली घरं, एकसारखी बंद दारं, आणि तिचं दार उघडल्याबरोबर शाकुतीचा वास असा अंगावर आला की मी उंबरठ्यावरच थांबले. जेवण झालं. ती भांडी धूत होती, मी पुसत होते. सिंकच्या वर, खिडकीच्या चौकटीत ठोकलेल्या खिळ्याला एक किल्ली टांगलेली होती. लांब दांड्याची, लोखंडी, आपल्याकडच्या जुन्या घरांची असते तशी. मी विचारलं नाही, तिनेच सांगितलं. दक्षिण गोव्यात सासष्टीतल्या घराची. आईबाप गेले, भाऊ लिस्बनला, ही इथं. घराला कुलूप. दुसरी किल्ली शेजाऱ्याकडे आहे, तो पावसाआधी कौलं बघतो. ही किल्ली इथं उपयोगाची नाही हे तिला ठाऊक होतं. "पण ती तिथं ठेवून आले असते तर मला झोप लागली नसती," ती कोकणीत म्हणाली आणि किल्लीवरचा साबणाचा फेस बोटाने पुसला.

परतीच्या गाडीत मला आजीची गोष्ट आठवत राहिली. आमच्या फोंडा तालुक्यातले मोठे देव मुळात इथले नव्हेत, हे आपल्याला पाळण्यापासून सांगितलेलं असतं. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात तिकडे देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी देव उचलले आणि जुवारी नदी ओलांडून इकडे आणले, फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता म्हणून. ही गोष्ट ऐकताना मी आजीला दरवेळी एकच विचारायची. जाताना त्यांनी घराला कुलूप लावलं का? आजी वाती वळत असायची. ती म्हणायची, "परत यायचं असतं तर लावलं असतं." मला ते उत्तर पटायचं नाही. मला वाटायचं त्यांनी लावलं असणार, आणि किल्ली देवाच्या पालखीत ठेवली असणार.

मी परत आले ती अशीच, फारसा विचार न करता. प्रबंध सप्टेंबरात दिला. तिथं आणखी दोन वर्षं राहून काम करायची सोय व्हिसात होती, बरोबरच्या बऱ्याच जणांनी ती घेतली, आणि इथं भेटणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो, मग परत का आलीस? मला याचं एका वाक्याचं उत्तर सापडलेलं नाही. चवथीला आईने फोनवर माटोळी, गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती फळाफुलांची चौकट, दाखवली होती. कांगलां, माट्टुळिंगं, सुपारीचे शिपटे, आणि मधोमध आमच्याच कुळागरातला नारळाचा घोस. घुमट वाजत होतं, आरती चालू होती, आणि फोन धरणाऱ्या हाताला ताल आवरत नव्हता म्हणून सगळी माटोळी हलत होती. त्यानंतर महिन्याने मी तिकीट काढलं. एवढंच मला सांगता येतं.

गेले होते दाबोळीहून, उतरले मोप्याला. मी लीड्सला असताना, २०२३ च्या जानेवारीत, ते विमानतळ सुरू झालं. बाबा आणायला आले होते आणि त्यांनाही वाट नीटशी सरावाची नव्हती. दाबोळीहून निघाले तेव्हा आई, बाबा, काका, माई, सगळी दाराच्या काचेपर्यंत आली होती, माईने काचेला हात लावला होता आणि आतल्या बाजूने मी. मोप्याच्या सड्यावर रात्रीचा वारा होता, सगळं लखलखीत आणि रुंद होतं, आणि मला आपण गोव्यात उतरलो असं वाटेचना. आपल्याच घरात मागच्या दाराने यावं तसं झालं. कोलवाळचा पूल गेला, म्हापसा गेलं, पर्वरी, मांडवी, तरी छातीतलं काही सुटलं नाही. बाणस्तारीचा पूल ओलांडून माशेलाकडे वळलो तेव्हा कुठून तरी भजनाच्या टाळांचा आवाज आला. मग बेतकी, मग आमच्याकडचा उतार, गाडीच्या दिव्यांत दोन्ही बाजूंच्या पोफळी. आणि वळणावरून घर दिसलं. दार उघडं होतं. आतला पिवळा उजेड सोप्यावरून अंगणापर्यंत येऊन पडला होता आणि त्या उजेडात आई उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. चौकटीला चवथीतली नव्याची कणसं सुकून लोंबत होती. वर्षभर लीड्सच्या त्या बंद दारासमोर बसून मी हेच तर बघत होते.

आणि तीन दिवसांनी माझ्याच हाताने मी त्याला कडी घातली.

माई न येण्याच्या चौथ्या दिवशी मी आईजवळ विषय काढला. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, मी जाऊन माईची माफी मागते, माझं चुकलं, सवयीने झालं. आई बराच वेळ सुपातले खडे वेचत राहिली. मग ती म्हणाली, "तू दार लावलंस त्या दिवशी मी झोपले गो." मला कळलं नाही. रोजच तर ती दुपारी आडवी होते. ती म्हणाली, आडवी होणं वेगळं. दार उघडं असलं की कान दाराकडे असतो. कुणी विरजणाला येतं, कुणी फुलाला, गॅसवाला येतो, वीज मीटर बघणारा येतो, कुत्रं शिरतं, बाबांना विचारायला कुणी येतं. डोळा लागतो आणि उघडतो. "त्या दिवशी मला आतूनच कडीचा आवाज ऐकू आला आणि वाटलं, आता कुणी येत नाही. जाग आली तेव्हा साडेचार झाले होते. उजेड बघून मी घाबरलेच. तुझ्या जन्मानंतर दुपारची अशी झोप मला आठवत नाही."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. उलट थोडं लाजूनच सांगितलं, आपण काही चोरून खाल्लं असावं तसं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले होते आणि मला तिच्या चेहऱ्याकडे बघवेना.

बाहेरच्यांना वाटतं गोवा दुपारी झोपतो. एक वाजला की फोंड्याच्या बाजारात शटर खाली येतात ती चारपर्यंत, हे खरंच आहे. पण झोपतं कोण, हे मी कधी मोजून पाहिलं नव्हतं. आमच्या घरात बाबा झोपायचे, काका झोपायचे, शाळेतून येऊन मी झोपायची. आई आणि तिच्याआधी आजी, त्या दाराच्या आसपास असायच्या. आजीची आरामखुर्ची सोप्यावरच होती, दाराच्या डाव्या अंगाला. मी समजायची तिला वारा आवडतो. लीड्सला असताना मी मैत्रिणींना किती अभिमानाने सांगायची, की आमच्याकडे दाराला दिवसा कडी नसते, कुणीही कधीही यावं. त्यांना ते फार आवडायचं. दार उघडं राहायला आत कुणीतरी जागं राहावं लागतं, हे त्या कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. माझ्या आजीला पंढरपूर बघायचं होतं. "घर उघडं टाकून कशी जाऊ," म्हणत म्हणत ती गेली. आईची बहीण डिचोलीला राहते, गाडीने तासाभराची वाट, आणि आई तिच्याकडे शेवटची कधी राहिली हे मला आठवत नाही. वाड्यावरच्या निम्म्या घरांना आता लोखंडी ग्रिल आलं आहे, एकदोघांनी कॅमेरे बसवले आहेत. मी आल्यापासून ती ग्रिलं बघून मनात हळहळत होते. त्या घरांतल्या बायकांना दुपारी झोप लागते का, हे आता विचारायला हवं.

पाचव्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी वाटीत विरजण घेतलं, वर केळीच्या पानाचा तुकडा ठेवला आणि कुंपणाच्या फटीतून माईकडे गेले. तिचं दार उघडंच होतं. हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबले. माई दाराच्या आत, उंबरठ्याला लागून, जमिनीवर झोपली होती. डोक्याखाली पाट, अंगावर लुगड्याचा पदर ओढलेला, आणि एक हात पुढे करून तळवा उंबरठ्यावर टेकलेला. कुणी आत पाऊल टाकलं तर त्या हाताला कळावं, अशी. मी तिला या जागी शेकडो वेळा झोपलेली पाहिली असेन. थंडाव्यासाठी ती तिथं झोपते असं आम्ही सगळेच समजत होतो. तिचे पाय कोरडे, टाचांना भेगा, आणि पापण्या झोपेतही थरथरत होत्या. ती वाटी तिथं हळूच ठेवून मागे फिरावं असं मनात आलं, पण माझी सावली तिच्या हातावर पडली होती आणि तेवढ्यानेच ती उठून बसली.

"कोण गो? तूं?" तिने पदर सारखा केला. मी वाटी पुढे केली. म्हटलं, त्या दिवशी दार मी लावलं होतं, माई. कुणी रुसलं नव्हतं. मला तिकडची सवय लागली. ती वाटीकडे बघत होती. म्हणाली, चार दिवस खालच्या घरून विरजण आणलं, पण ते दही भारी आंबट, सुनेला सोसत नाही. मग तिने केळीच्या पानाचा तुकडा बाजूला केला, बोटाच्या टोकाने दही चाखलं आणि जिभेने आवाज केला. "हें आमचें," ती म्हणाली. तिने मला बसवून घेतलं, भिरंडेचं सरबत दिलं आणि विचारलं, तिकडे सगळी दारं लावूनच बसतात का? मी म्हटलं हो. मग त्या बायका दुपारी काय करतात? मी म्हटलं, कामाला जातात, आणि ज्या घरी असतात त्या झोपत असतील. माईने यावर पुष्कळ वेळ विचार केला. तिच्या चेहऱ्यावर दया होती की हेवा, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आईला म्हटलं, तू मधल्या खोलीत झोप आणि त्या खोलीचं दार आतून लावून घे. ती म्हणाली, काहीतरीच काय. बाबा काय म्हणतील. मग थोड्या वेळाने कडीचा आवाज आला. मी आजीची आरामखुर्ची माळ्यावरून काढून, पुसून, सोप्यावर दाराच्या डाव्या अंगाला लावली होती. तिचं वेत जरा सैल झालंय. बाहेरचं दार दोन्ही फळ्यांनी उघडं. बसले आणि लक्षात आलं, की तिथून अंगण, तुळस, कुंपणाची फट आणि रस्त्याचं वळण, हे सगळं मान न वळवता दिसतं. खुर्ची अशी का लावलेली असायची ते बसल्यावर कळलं. दोनला कुरियरवाला आला, सही केली. अडीचला कोंबडी सोप्यापर्यंत आली आणि गेली. डोळे मिटत होते, कान मिटत नव्हता.

साडेतीनला कुंपणाची फट हलली आणि माई आली, चेपलेली वाटी घेऊन. मी तोंडावर बोट ठेवलं. तिने लगेच वहाणा अंगणातच काढल्या आणि पावलं न वाजवता सोप्यावर चढली. आत नजर टाकून मधल्या खोलीचं लावलेलं दार तिने पाहिलं आणि माझ्याकडे वळली.

"न्हिदल्या?"

मी मान हलवली. विरजण आणायला उठणार, तर तिने माझा खांदा दाबून मला खाली बसवलं.

"न्हिदूं दी," ती कुजबुजली, आणि रिकामी वाटी मांडीवर ठेवून माझ्या शेजारी सोप्यावर बसली.